वेळ घेऊनही ताटकळणे आणि आत गेल्यावर अर्धे बोलणे राहून जाणे: दवाखान्याची अपॉइंटमेंट कशी घ्यावी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आईचे वय ६८, साखर आणि रक्तदाब दोन्हींवर गोळ्या चालू. तुम्ही ११ ची वेळ घेऊन त्यांना दवाखान्यात नेता, नंबर लागतो पावणेबाराला, आत सात-आठ मिनिटे मिळतात आणि घरी परतताना आई म्हणतात, ‘गुडघ्याचं विचारायचं राहिलंच.’ शिवाय फोनवर वेळ मागताना रिसेप्शनवरच्या मॅडम ‘काय होतंय?’ असे विचारतात, हेही तुम्हाला खटकते. मग वेळ घेण्यात अर्थ काय, असा तुमचा सवाल आहे. मी २४ वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो आहे. त्यांतली पहिली चार वर्षे मदतीला कोणी नसल्यामुळे फोनही मीच घेत असे आणि नंबरही मीच लावत असे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिले, ते सांगतो.

तुम्ही ताटकळण्याविषयी जास्त लिहिले आहे आणि ते स्वाभाविक आहे. परंतु पाऊण तास थांबूनही आईचे तिन्ही विषय नीट बोलून झाले असते, तर हा प्रश्न तुम्ही बहुधा विचारला नसता. खरी अडचण मला अशी दिसते की दवाखान्याच्या वहीत आईंच्या नावापुढे ‘११ वाजता’ एवढेच लिहिलेले असते. त्या वेळेत किती काम आहे, हे कुठेच लिहिलेले नसते. साखरेचे रिपोर्ट पाहणे, रक्तदाबाच्या गोळ्यांत बदल हवा का हे ठरवणे आणि दुखरा गुडघा तपासणे ही तीन कामे आहेत आणि जागा मात्र एकाच कामाची धरलेली आहे. हा हिशेब वेळ ठरवतानाच व्हायला हवा. तपासणीच्या खोलीत तो करायला गेले की उशीर झालेला असतो.

पुढचे सगळे सर्वत्र जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. दवाखाना एकट्या डॉक्टरांचा आहे की अनेकांचा, तिथे वेळा दिल्या जातात की आल्या क्रमाने नंबर लागतो, नर्स स्वतंत्रपणे काही कामे पाहते का, आणि फोनवर किंवा व्हिडिओवर बोलण्याची सोय आहे का, यांवर बरेच अवलंबून आहे. पहिल्याच भेटीत काउंटरवर या चार गोष्टी विचारून घेतल्या तर पुढचे अनेक हेलपाटे वाचतात.

आधी ११ चे पावणेबारा कसे होतात ते सांगतो, कारण ते कळले की वेळ कोणती मागायची हे आपोआप कळते. समजा, प्रत्येकाला १० मिनिटे धरली आहेत. पहिल्या रुग्णाचे काम सहा मिनिटांत झाले. वाचलेली चार मिनिटे उपयोगी पडायची तर पुढचा रुग्ण आधीच येऊन बसलेला हवा. तो आला नसेल तर ती चार मिनिटे वायाच जातात. दुसऱ्याला १८ मिनिटे लागली, तर वरची आठ मिनिटे मात्र तिसऱ्याच्या, चौथ्याच्या आणि त्यांच्या मागच्या प्रत्येकाच्या डोक्यावर बसतात. वाचलेला वेळ साठत नाही आणि वाढलेला वेळ साठत जातो, म्हणून सरासरी अगदी बरोबर धरली तरी सत्राच्या शेवटाकडे उशीर वाढतच जातो. १९५२ साली ब्रिटनमधील वेल्च आणि बेली या दोघांनी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांसाठी हा हिशेब मांडला होता. सुरुवातीला दोन रुग्णांना एकदम बोलवावे आणि पुढच्यांना एका तपासणीला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने वेळा द्याव्यात, अशी त्यांची सूचना होती. आजही अनेक ठिकाणी वेळा कमीअधिक याच पद्धतीने लावल्या जातात. त्यात डॉक्टर रिकामे बसत नाहीत, पण थांबण्याचा भार रुग्णांवर येतो, हे मान्य केले पाहिजे. मी स्वतः दर तासाला १० मिनिटांची एक जागा मोकळी ठेवू लागलो, तेव्हा कुठे माझ्याकडचा उशीर आटोक्यात आला.

यावरून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट सोपी आहे. सत्र सुरू होतानाची पहिली किंवा दुसरी वेळ मागा. सकाळच्या सत्रात ११ च्या सुमारास आधीच्या सगळ्यांचा उशीर तुमच्या वाट्याला येतो. सुट्टीनंतरचा पहिला दिवस शक्यतो टाळा, कारण सुट्टीत दुखणे अंगावर काढलेले सगळे लोक त्या दिवशी येतात. आईंची भेट ठरावीक महिन्यांनी होणारी आहे, तातडीची नाही. त्यामुळे दिवस निवडण्याची मोकळीक तुम्हाला आहे.

आता रिसेप्शनवरच्या मॅडमच्या प्रश्नाविषयी. ‘काय होतंय?’ हा प्रश्न चौकशीखातर नसतो. त्या उत्तरावरून तीन गोष्टी ठरतात: आजच बोलवायचे की चार दिवसांनी चालेल, डॉक्टरांकडे पाठवायचे की नर्सकडे, आणि जागा एक धरायची की दोन. अनेक दवाखाने दिवसातल्या काही वेळा त्याच दिवशी फोन करणाऱ्यांसाठी राखून ठेवतात आणि त्या कोणाला द्यायच्या हे कारण कळल्याशिवाय ठरवता येत नाही. तुम्ही ‘डॉक्टरांना भेटायचंय’ एवढेच म्हणालात तर समोरची व्यक्ती नाइलाजाने सर्वांत लहान जागा देते. त्याऐवजी असे सांगा: ‘आईच्या साखरेचे नवे रिपोर्ट दाखवायचे आहेत, रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल बोलायचं आहे आणि एक गुडघा महिनाभर दुखतोय. तातडीचं नाही. दोन अपॉइंटमेंटइतका वेळ मिळेल का?’ माझ्याकडे असा फोन आला की आम्ही जोडून दोन जागा देतो. काही दवाखाने देत नाहीत. तसे असेल तर दोन वेगळे दिवस घ्या आणि गुडघा दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. विषय नाजूक असेल तर ‘खासगी आहे, तातडीचं नाही’ एवढे सांगणे पुरेसे आहे आणि तुम्हाला तो अधिकार आहे. पण ‘तातडीचं’ हा शब्द मात्र खरे असेल तेव्हाच वापरा. वेळ लवकर मिळावी म्हणून तो वापरला जातो, आणि मग खरोखर दम लागलेल्या माणसाची जागा गेलेली असते.

इथेच एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, कारण ती चुकली तर भरून निघत नाही. काही तक्रारींसाठी अपॉइंटमेंट घ्यायचीच नसते. छातीवर दडपण येऊन ते काही मिनिटांत ओसरत नसेल किंवा हाताकडे, जबड्याकडे पसरत असेल, चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला असेल, एका हातातली ताकद गेली असेल, बोलणे अडखळत असेल, बसल्या जागी दम लागत असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर दवाखान्याच्या फोनची वाट न पाहता थेट रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. म्हणून ‘उद्या सकाळची पहिली वेळ’ ही अशा वेळी मदत नव्हे. तुमच्या आईंना मधुमेह आहे, म्हणून आणखी एक सांगतो: मधुमेही आणि वयस्कर माणसांत हृदयविकाराचा झटका छातीत फारसे न दुखताही येऊ शकतो. अचानक आलेला घाम, धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच दिसू शकते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप असेल तर त्याला त्याच दिवशी दाखवलेच पाहिजे. इतर बहुतेक तापांना एखादा दिवस निरीक्षण चालते.

आता भेटीच्या तयारीविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण सात-आठ मिनिटांतली निम्मी मिनिटे तयारी नसल्यामुळे जातात.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. तुमच्या आईंच्याच वयाच्या एक बाई लागोपाठ तीन भेटींत वाढलेला रक्तदाब घेऊन आल्या. गोळ्या वेळेवर घेता का, मीठ कमी केले का, हे मी दर वेळी विचारले, उत्तर दर वेळी ‘हो’ आले आणि दोन भेटींत मी गोळीची मात्रा वाढवली. चौथ्या भेटीला त्यांच्या सुनेने घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणल्या आणि ती पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. रक्तदाबाची पाकिटे, साखरेची पाकिटे, आणि त्यांत एक अर्धी कापलेली पट्टी, जिच्यावरचे नाव कात्रीने निम्मे गेलेले होते. उरलेली अक्षरे जुळवून पाहिली, तर ती डायक्लोफेनॅक निघाली. गुडघा दुखतो म्हणून त्या दोन महिने रोज एक गोळी स्वतःहून घेत होत्या. ‘ती काय, दुखण्याची साधी गोळी आहे,’ म्हणून मला कधी सांगितली नव्हती. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात, रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम कमी करतात आणि साखर-रक्तदाब असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर ताण आणतात. गुडघ्याचे औषध बदलले आणि काही आठवड्यांत रक्तदाब उतरला. मी वाढवलेली मात्रा पुन्हा कमी करावी लागली. तेव्हापासून मी औषधांची यादी मागत नाही, पिशवीच मागतो. तुमच्या आईंच्या बाबतीतही राहून गेलेला गुडघा आणि चर्चेतला रक्तदाब यांचा परस्परांशी संबंध असू शकतो, म्हणून त्या गुडघ्यासाठी काही घेत असतील तर ते पहिल्यांदा सांगा.

तेव्हा घरात आई जे जे घेतात ते सगळे आणा: डॉक्टरांनी दिलेले, दुकानातून आणलेले, शेजारणीने सुचवलेले, काढे, चूर्णे, जीवनसत्त्वे, डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा. पट्टी कापताना नाव आणि मात्रा असलेला भाग शेवटपर्यंत जपा. रिपोर्ट तारखेनुसार लावा, नवा वर. घरी साखर किंवा रक्तदाब मोजत असाल तर आकड्यांपुढे वेळही लिहा. ‘१८० होती’ यावरून काही ठरत नाही, ती उपाशीपोटी होती की जेवणानंतर दोन तासांनी, हे कळल्यावरच ठरते. पुरळ, सूज असे येऊन जाणारे काही असेल तर ते दिसत असताना फोनवर फोटो काढून ठेवा.

रक्तदाब तपासायच्या दिवशी अनेक जण सकाळची गोळी मुद्दाम घेत नाहीत, ‘खरा आकडा डॉक्टरांना दिसू दे’ म्हणून. असे करू नका. गोळी लागू पडते आहे का, हेच मला पाहायचे असते. वेगळी सूचना नसेल तर गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे आणि पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला आणि पट्टा उघड्या दंडावर असावा. मोजताना बोलू नये. दंड सहज उघडा करता यावा म्हणून सैल बाहीचे कपडे घालून या. गुडघा दाखवायचा असेल तर तोही सहज उघडा करता येईल असे कपडे असू द्या. मधुमेह असलेल्यांची पावलेही तपासायची असतात, तेव्हा बूट-मोजे काढायला वेळ लागणार नाही, हे पाहा. जिना चढून, धापा टाकत आत आलेल्या माणसाचा आकडा वर जातोच, म्हणून १० मिनिटे आधी पोचा.

उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर आधी किमान आठ तास पाण्याशिवाय काही घ्यायचे नसते, म्हणून त्यासाठी सकाळची सर्वांत लवकरची वेळ मागा. त्या सकाळी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे हे आदल्या भेटीतच विचारून घ्या, कारण ते घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीसाठी मात्र उपाशी राहावे लागत नाही. केवळ त्या तपासणीसाठी ६८ वर्षांच्या माणसाला दुपारपर्यंत उपाशी ठेवल्याचे मी पाहिले आहे, म्हणून सांगितले.

आत गेल्यावर काय करायचे, तर तिन्ही विषय सुरुवातीलाच एका दमात मांडायचे: ‘आज तीन गोष्टी आहेत: रिपोर्ट, रक्तदाब आणि गुडघा. सगळ्यांत त्रास गुडघ्याचा आहे.’ यामागे अनुभव आहे. बहुतेक रुग्ण सोपी तक्रार आधी सांगतात आणि जिची भीती वाटते ती शेवटी. दारापर्यंत जाऊन मागे वळून ‘आणि हो, डॉक्टर, जिना चढताना छातीत जरा दडपतं,’ असे म्हणणारे रुग्ण मी कितीतरी पाहिले आहेत. त्यांना मी पुन्हा बसवतो, बसवलेच पाहिजे, पण बाहेरचा उशीर तिथूनच वाढतो. दोष केवळ रुग्णांचा नाही. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांचे संवाद तपासले, तेव्हा रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलू लागत, असे दिसले. आम्ही पहिल्या तक्रारीच्या मागे धावतो आणि उरलेल्या राहतात. म्हणून यादी आधी ठेवा. डॉक्टर मध्येच थांबवू लागले तर नम्रपणे म्हणा, ‘उरलेल्या दोन सांगून घेतो, मग तुम्ही सुरुवात करा.’ कोणत्याही समंजस डॉक्टरांना याचा राग येणार नाही. आज तिन्ही होण्यासारख्या नसतील तर आज कोणती आणि पुढच्या भेटीला कोणती, हे डॉक्टर तिथेच ठरवतील.

एक विनंती तुम्हाला मुलगा म्हणून. प्रश्न आईंना विचारला की उत्तर त्यांना देऊ द्या. तुम्ही तारखा, गोळ्या, आकडे सांभाळा. दुखणे कसे आहे ते त्याच सांगू शकतात. आणि जमले तर मिनिटभर तुम्ही बाहेर थांबा. लघवी न थांबणे, पडणे, उदास वाटणे अशा गोष्टी आया मुलांसमोर बोलत नाहीत.

उठण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेले स्वतःच्या शब्दांत त्यांना परत सांगा: कोणती गोळी बंद, कोणती नवी, किती दिवस, आणि काय झाले तर ठरलेल्या तारखेआधी यायचे. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीतला ४० ते ८० टक्के भाग लोक लगेच विसरतात, असे या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा सांगतो. त्यात वय आणि काळजी यांची भर असते. तुम्ही सोबत असता ते मुख्यतः यासाठी. लिहून घ्या, कोणी हरकत घेणार नाही.

डॉक्टरांकडे जाण्याची गरजच नसलेल्या कामांसाठी वेळ वाया घालवू नका. त्याच गोळ्या पुढे चालू ठेवण्याची चिठ्ठी, ड्रेसिंग, लस, प्रमाणपत्र ही कामे बऱ्याच दवाखान्यांत काउंटरवर किंवा नर्सकडे होतात. चांगल्या आलेल्या रिपोर्टविषयी फोनवर बोलणे पुरते. गुडघ्याची सूज, पोटातली दुखी जागा, छातीतला आवाज मात्र हात आणि स्टेथोस्कोप लावल्याशिवाय कळत नाही, तेव्हा तिथे फोनचा आग्रह धरू नका.

शक्य असेल तर दर वेळी त्याच डॉक्टरांची वेळ मागा, मग दोन दिवस उशिरा मिळाली तरी चालेल. नॉर्वेमधील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींच्या अभ्यासात १५ वर्षांहून अधिक काळ एकाच फॅमिली डॉक्टरांकडे असलेल्या लोकांत, वर्षभरच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्के कमी दिसले. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. पण ओळखीच्या रुग्णाचा नेहमीचा चेहरा ठाऊक असला की आजचा चेहरा वेगळा दिसतो, हे मी रोज अनुभवतो.

जाणे जमणार नसेल तर तासभर आधी का होईना, फोन करून कळवा. ती जागा त्याच दिवशी दुसऱ्या कोणाला देता येते. उशीर होणार असेल तरीही कळवा, म्हणजे तुमच्या मागच्यांना आधी आत घेता येईल.

आणि इतके करूनही बाहेर आल्यावर आईंना काही आठवलेच, तर घरी जाऊ नका. तिथल्या तिथे काउंटरवर जा, राहिलेली गोष्ट दोन ओळींत चिठ्ठीवर लिहून द्या, आईंचे नाव आणि तुमचा फोन नंबर खाली लिहा, आणि डॉक्टर दोन रुग्णांच्या मधल्या वेळात ती पाहू शकतील का, एवढे विचारा. माझ्या टेबलावर रोज अशा तीन-चार चिठ्ठ्या येतात. बहुतेकांचे उत्तर मी तिच्याच मागे लिहून देतो, आणि ज्यांना तपासायला हवे त्यांना पुढची वेळ तिथेच लावून देतो.